तरे बाईंचा धोंडा

तरे बाईंचा फोटो देवळात लावला आहे. गाभाऱ्याच्या उजव्या हाताला, पंख्याच्या बटणांच्या वर. फोटोला चंदनाचा हार आहे, आणि कुणीतरी काचेवरूनच त्यांच्या कपाळावर कुंकवाचं बोट ओढलं आहे. खाली संगमरवरी पाटीवर सोनेरी अक्षरांत नाव आणि नावाखाली 'संस्थापिका'. मी ते वाचलं, चपला घातल्या आणि बाहेर आले. बाहेर पार्किंगवाला शिट्ट्या मारून एका मोठ्या गाडीला मागे घेत होता. त्या गाडीचं मागचं चाक जिथे टेकलं, तिथे एके काळी करवंदीची जाळी होती आणि त्या जाळीत मी दोनदा सायकलसकट पडलेली आहे.

तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. श्रद्धांजली वगैरे मला लिहायची नाही, ती त्यांच्या भावाने वज्रेश्वरीच्या नाक्यावर भल्यामोठ्या फ्लेक्सवर वाहिलेली आहे. मी लिहितेय ते त्या पाटीसाठी. पाटी खोटी असती तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण ती खोटीही नाही. तो देव तरे बाईंनीच तिथे बसवला. मी स्वतः त्या दिवशी हजर होते, चहाचा थर्मास धरून.

भिवंडीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत तरे बाई पीटी शिकवायच्या, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची कपाटं शेजारी. बाई जवळच्याच अंजूर गावच्या. उंच, सावळ्या, सडसडीत आणि बारा महिने पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, लग्नाला गेल्या तरी साडीखाली तेच. मैदानावर त्या शाळेतलं मराठी बोलायच्या, राग आला की गावचं. राग दिवसातून दोनदा तरी यायचा, त्यामुळे मुलींना दोन्ही भाषा पाठ होत्या. लग्न केलं नव्हतं. नव्याने आलेल्या एका शिक्षिकेने भोळेपणाने कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "मना मागच्या कॅरियरवर बसता येत न्हाय." त्या बिचारीला काही कळलं नाही, ती मान हलवून वर्गावर गेली.

त्यांचा राग माणसांवर क्वचितच असायचा. तो इंजिनावर असायचा. माणूस पायी चालतो तोवर शहाणा असतो, सायकलवर बसला की आणखी शहाणा होतो, आणि इंजिन लागलं की त्याचा मेंदू बंद पडतो, असं त्यांचं साधं शास्त्र होतं. भिवंडीत राहून या शास्त्राला पुराव्यांचा तोटा नव्हता. सकाळी शाळेत येताना गल्लीच्या तोंडाशी कंटेनर आडवा, संध्याकाळी जाताना नाक्यावर ट्रेलर अडकलेला, आणि त्यांच्या मधल्या बोळकांडीतून रिक्षा, हातगाड्या, सुताचे बाचके लादलेले टेम्पो आणि दप्तरं सावरत आमच्या मुली. बाई गेटावर उभ्या राहून मुलींना रस्ता पार करून द्यायच्या. त्यांनी हात वर केला की ट्रक थांबायचे. न थांबून सांगतात कुणाला.

आमच्या संस्थेचे एक पदाधिकारी आपली नवी गाडी शाळेच्या मैदानात आंब्याखाली लावायचे. तिथे सावली होती म्हणे. बाईंनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी चुना आणला आणि खोखोचं मैदान असं आखलं की एका टोकाला नेहमीचा खांब आणि दुसऱ्या टोकाला ती गाडी. आदल्या रात्री पाऊस झालेला, मैदानात घोट्यापर्यंत चिखल. खोखोत मुली खांबाला हात घालून गर्रकन वळतात, तशा त्या बॉनेटला हात घालून वळायला लागल्या. गृहस्थ मीटिंग संपवून बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र गाडीवर दोन वर्गांचे पंजे उमटलेले होते. बाई शिट्टी तोंडातून काढून अदबीने म्हणाल्या, "साहेब, डाव संपेपर्यंत खांब हलवता येत नाही. पाच मिनिटं बसा." बाईंना मेमो मिळाला. गाडी मात्र पुन्हा मैदानात दिसली नाही.

सायकलचं वेड हे याच रागाचं दुसरं टोक होतं. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या कितीतरी मुली लग्न होऊन इथेच राहिल्या आणि गोदामांत कामाला लागल्या. आलेला माल फोडायचा, पुन्हा पॅक करायचा, लेबलं चिकटवायची. गोदामं गावाबाहेर, ड्युटी सकाळची, आणि जायला काय तर शेअर रिक्षा. मागे चौघी, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक पुरुष, आणि रिक्षा भरल्याशिवाय हलायची नाही. उशीर झाला की अर्धा दिवस कापला. त्यांतली रेहाना एकदा बाईंना बाजारात भेटली आणि म्हणाली, "टीचर, साइकिल आती तो मैं किसी के बाप का इंतज़ार नहीं करती." बाईंच्या डोक्यात ते वाक्य बसलं. पण शिकवायचं कुठे? भिवंडीत बाई सायकलवरून डळमळली तर पडण्याआधीच तिच्या अंगावर काहीतरी येतं. शाळेचं मैदान रविवारी लग्नांना देतात. अंजूरला जाऊन बघितलं, तर जिथे बाई स्वतः भाताच्या बांधावर सायकल शिकल्या होत्या तिथे पत्र्याची गोदामं उभी.

आणि मग त्यांना ती वाट सापडली.

वज्रेश्वरीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक तलाव आहे. त्याचं पाणी मोठ्या पाइपातून दूर शहराला जातं. त्या पाइपाची देखभाल करायला तलावाच्या काठाने कधीकाळी खडी आणि मुरूम टाकून एक रस्ता केलेला होता. दोन्ही टोकांना लोखंडी फाटक आणि फाटकाला कुलूप. बाजूच्या फटीतून माणूस जाई, गाई जात, सायकल तिरकी करून नेता येई. त्याहून रुंद काही जायचं नाही. आत गेलं की एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला सरळ चढलेला डोंगर, आणि मधून लाल वाट वळत वळत गेलेली. इंजिनाचा आवाज नाही. टायरखाली खडी करकरते तेवढीच. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठच्या भेगाळ चिखलात बगळे उभे असत, आणि आमच्या बायका ओरडत पडल्या तरी ते उडत नसत. त्यांना सवय झाली होती.

दर रविवारी सकाळी सायकली टेम्पोत आणि बायका एसटीत अशी वरात भिवंडीहून निघायची. तिथे गेल्यावर बाई आधी एक काम करायच्या. पाना घेऊन प्रत्येक सायकलची घंटी काढून टाकायच्या. म्हणायच्या, घंटी म्हणजे बाजूला हो. इथं कोनी कोनाला बाजूला हो बोलायचं न्हाय. समोर माणूस आला तर आपण थांबायचं, म्हैस आली तर उतरायचं. काढलेल्या घंट्या त्यांच्या घरी एका कळशीत साठल्या होत्या.

"खडीवर शिकलेली बाय डांबरावर पडत न्हाय," हे त्यांचं दुसरं वचन. खडीवर चाक सरकतं, हँडल आपल्या मनाने फिरतं, ब्रेक जोरात दाबला तर मागचं चाक पुढे यायला बघतं. त्यामुळे अंग सैल सोडायला शिकावंच लागतं. रेहाना पहिल्या दिवशी तीनदा पडली आणि बुरख्याची धूळ झटकत रडवेली होऊन म्हणाली, "टीचर, मेरे से नहीं होगा." बाई म्हणाल्या, "नहीं होगा तो उतर जा. लेकिन उतरना भी सीखना पड़ता है ना? चल, उतरना सिखाती हूँ. बैठ." आणि बसवली. दुसऱ्या रविवारी ती पडली नाही, तिसऱ्या रविवारी ती दिसेनाशी झाली. आम्ही घाबरून शोधायला निघालो तर ही बया तलावाला अर्धा वळसा घालून पलीकडच्या काठावर उभी राहून ओढणी हलवत होती.

मीही पन्नाशी उलटल्यावर तिथेच शिकले. एवढंच माझ्याबद्दल पुरे.

दुपारी डबे सुटायचे. बाईंची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, रेहानाचे कबाब, माझी बटाट्याची भाजी, जी कुणी खायचं नाही. एकदा ठाण्याहून काही तरुण आले. डोक्याला हेल्मेट, अंगाला घट्ट कपडे आणि खास खडीवर चालवायच्या परदेशी सायकली. त्यांतला एक बाईंची काळी, दांड्याची जुनी सायकल पाहून थक्क झाला. "मॅडम, या सायकलवर तुम्ही ही वाट करता?" बाई म्हणाल्या, "वाटेनं तुला विचारलं का, कनची सायकल आनलीस?" पोरं चांगली होती, हसली, भाकरी खाल्ली. जाताना एकाने मोबाइल काढला आणि ही वाट नकाशावर टाकतो, लोकांना कळू दे, म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मोबाइल खिशात ठेवला. "टाक. मंग तुझी सायकल कुठं टाकायची ते मी बघतंय," असं म्हणून त्यांनी तलावाकडे बोट केलं.

पण वाट कळायची त्यांना कळलीच. अंजुरात भाताची खाचरं बुजवून गोदामं बांधायची तर भराव लागतो. भरावाला मुरूम लागतो. मुरूम डोंगरात असतो. म्हणजे वज्रेश्वरीकडचा डोंगर उचलायचा आणि अंजूरच्या शेतात नेऊन टाकायचा, असा हा सगळा उद्योग. यात डोंगरही जातो आणि शेतही जातं, आणि मधे जो कोणी डंपर चालवतो तो मोठा माणूस होतो. आमच्या तलावामागच्या डोंगराची खाण ज्याने घेतली तो मोठा माणूस म्हणजे हरेश तरे. बाईंचा सख्खा धाकटा भाऊ.

हरेश वाईट माणूस होता असं मी म्हणाले तर बाईच मला रागावल्या असत्या. बहिणीवर त्याचा जीव होता. तिच्या दुखण्याखुपण्याला धावून यायचा, दर भाऊबीजेला साडी आणायचा आणि बूट घालू नकोस म्हणून पाया पडायचा. पण खाणीपासून हमरस्त्याला जायला सगळ्यात जवळची वाट म्हणजे ही. एका सकाळी आम्ही गेलो तर फाटक उखडून बाजूला पडलेलं आणि खडीवर डंपरच्या चाकांच्या घळी. बाई संबंधित कार्यालयात गेल्या. तिथल्या माणसाने सांगितलं की त्यांच्याकडे फाटक शाबूत असल्याचीच नोंद आहे, तेव्हा तक्रार कशाची घेणार? बाई भावाकडे गेल्या. तो म्हणाला, "ताय, चार महिन्यांचा प्रश्न हाय. तवर बायकांना घरी बसव ना."

बाईंनी बायकांना घरी बसवलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून उतारावरचा एक मोठा धोंडा पहारीने हलवला आणि गडगडत आणून फाटकाच्या जागी बसवला. सोमवारी जेसीबीने तो ढकलून दिला. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा, त्याहून मोठा. तो बसवून झाल्यावर बाई घाम पुसत थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. मग सायकलवर टांग टाकून वज्रेश्वरीच्या बाजाराकडे निघून गेल्या. परतल्या तेव्हा हँडलला पिशवी. पिशवीत शेंदूर, गोडं तेल, नारळ आणि झेंडूची माळ.

मी म्हटलं, "बाई, हे काय?"

"कुलूप," बाई म्हणाल्या. "याची चावी कोनाकडं न्हाय."

त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि भिंत सारवावी तसा तो धोंडा दोन्ही हातांनी माखला. मग तलावावर जाऊन मुरूम घासघासून हात धुतले. तासाभराने डंपर आला. ड्रायव्हर परमुलखातला, तरुण. धोंडा पाहून त्याने गाडी थांबवली, खाली उतरला, चपला काढल्या आणि हात जोडले. "माताजी, ये कौन से देवता हैं?"

"वाघदेव," बाई म्हणाल्या. "गाड़ी की आवाज़ से ग़ुस्सा होते हैं."

तो एवढा मोठा डंपर त्या पोराने पार हमरस्त्यापर्यंत उलटा नेला. तो दिसेनासा झाला आणि आमच्या बायका हसायला लागल्या. रेहाना हसून हसून खडीवर बसली. मीही हसले. आपण जिंकलो असं आम्हाला वाटलं, आणि पावसाळ्यापर्यंत ते खरंही होतं. फाटकाला जे जमलं नाही ते धोंड्याने केलं. धोंड्याच्या बाजूच्या फटीतून नव्या बायका येत, शिकत, सोमवारपासून आपापल्या सायकलीने ड्युटीवर जात. बाईंना इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. आठवड्यात एकदाच चिडायच्या.

मग धोंड्यापुढे आमचा नसलेला एक नारळ दिसला. मग अगरबत्ती. मग कुणाच्या तरी सुनेला दिवस गेले आणि कुणीतरी घंटा बांधली. बाईंनी ती सोडून ठेवली, दुसऱ्या दिवशी दुसरी आली. मंगळवारी माणसं येऊ लागली, त्यांच्या मोटरसायकली आल्या, रिक्षा आल्या, मग पत्र्याची शेड, मग शेडला भोंगा. वाघदेवाला गाडीच्या आवाजाचा राग येतो ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. बाई एकेकाला अडवून सांगायच्या, "बाबा, हा धोंडा हाय, मीच आनलाय." लोक हसून, त्यांना नमस्कार करून पुढे जायचे.

शेवटी हरेश आला. आम्ही शेडच्या बाजूला सायकली लावत होतो. त्याने बूट काढले, देवाला नमस्कार केला, मग बहिणीजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताय, शेंदूर कुनी लावला ते मना म्हाईत हाय."

"मंग पुस."

"आता कसा पुसू? आता लागला तो." तो खरंच समजावत होता, बहिणीला दुखवायची त्याला हौस नव्हती. "हजार लोकांचा देव हाय आता. त्याला रस्ता पायजे. मी कॉंक्रीटचा करून देतंय, तुझ्या बायका गुळगुळीत जातील. तू कनाला रडतेस?"

"आनि तुझं डंपर?"

"रस्ता काय एकट्या देवाचा असतो का," हरेश म्हणाला.

मला तेव्हा जे वाटलं ते आजही वाटतंय, म्हणून लिहून टाकते. चोरी करणारा माणूस मला समजतो. पण दुसऱ्याने आडवं टाकलेलं कुलूपच उचलून त्याचं तोरण करायचं आणि त्याच दारातून आपला माल न्यायचा, वर हात जोडून, याला काय म्हणायचं ते मराठी शिकवण्यात उभी हयात घालवूनही मला सांगता येत नाही. आणि जे लोक पाया पडून गेले, त्यांतल्या कुणालाही समोरचा अर्धा खाल्लेला डोंगर दिसला नाही. शेंदूर फासलेला धोंडा दिसला, बिनशेंदराचा डोंगर दिसला नाही.

रस्त्याच्या भूमिपूजनाला मांडव होता, खुर्च्या होत्या, पुढारी होते. ते सगळे मोटारींतून आले आणि मोटारी आमच्या खडीवर रांगेने लागल्या. बाई गेल्या. मी सोबत होते, रेहाना होती. हरेशने भाषणात सांगितलं की मला सायकल माझ्या बहिणीनं शिकवली, सीट धरून बांधावरून पळायची, आज मी जो काही आहे तो तिच्यामुळे. टाळ्या झाल्या. बाई उठल्या आणि सरळ माइकपाशी गेल्या. बुटासकट मंचावर चढल्या.

"हा देव न्हाय," त्या म्हणाल्या. "हा धोंडा हाय. वरच्या उतारावरचा. मी पहारीनं आनला, या हातांनी शेंदूर लावला. डंपर अडवायला लावला. या वाटेवर आमच्या बायका सायकल शिकतात. गावात त्यांना दुसरी जागा न्हाय. एवढी एक वाट सोडा. तुमचा देव मी उचलून तुमच्या दारात आनून देतंय, पन वाट सोडा."

मला वाटलं, आता कळलं. मग पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली, काठी टेकत मंचापाशी आली आणि तिने बाईंच्या कॅनव्हासच्या बुटांवर डोकं ठेवलं. "देवानं तुझ्या हातून करून घेतला गो बाय." झालं. तिच्यामागे दुसरी, मग पुरुष. निवेदकाच्या लक्षात आलं आणि त्याने माइक घेऊन, ज्यांच्या हातून प्रत्यक्ष स्थापना झाली त्या ताईंचा सत्कार, असं जाहीर केलं. शाल आली, नारळ आला. हरेश डोळे पुसत होता, आणि ते डोळे खरोखर ओले होते. बाई गर्दीच्या मधे उभ्या. पाया पडणाऱ्यांना त्या आधी हाताने अडवत होत्या, मग अडवायचं सोडून दिलं. आयुष्यभर जिने ट्रक थांबवले तिला त्या दिवशी ती माणसं थांबवता आली नाहीत. परतताना वज्रेश्वरीच्या स्टँडवरच्या बाकावर ती शाल तशीच राहिली होती, ती रेहानाने घडी करून माझ्या पिशवीत घातली आणि मी दुसऱ्या दिवशी आमच्या कामवालीला दिली.

रस्ता झाला, शेडच्या जागी देऊळ झालं. दिवसा भाविकांच्या गाड्या आणि रात्रंदिवस डंपर. करवंदीची जाळी गेली तिथे पार्किंग झालं. पाण्याच्या काठाला स्टीलचा कठडा आला. आणि पुढच्या महिन्यात ट्रस्टची पाटी लागली: 'देवस्थान परिसरात सायकल चालवण्यास सक्त मनाई. अपघाताचा संभव.' अपघाताचा संभव सायकलमुळे. ती पाटी वाचून मी रस्त्यात उभी राहून असे शब्द बोलले की शेजारी फुलं विकणारी बाई मागे सरकली.

बायका येईनाशा झाल्या. कुणी पुन्हा रिक्षाने जाऊ लागली, कुणाला घरून परवानगी बंद झाली. आता तिथे गाड्या असतात ना, मग नको, असं नवरे म्हणाले, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येईना. बाई रिटायर झाल्या. मधे मला वाटलं, विझल्या. फोन केला तर "बरं हाय" एवढंच. गेल्या थंडीत त्या झोपेतच गेल्या. एवढ्या भांडखोर बाईला शेवटी भांडायला समोर कुणी मिळालं नाही, याचाही मला राग आहे.

पण विझल्या वगैरे काही नव्हत्या. त्या जाण्याआधी महिनाभर मी त्यांना शेवटचं पाहिलं. देवळाचा वर्धापनदिन होता, हे मला माहीत नव्हतं. मी वज्रेश्वरीहून रिक्षाने एका ओळखीच्यांकडे निघाले होते आणि त्या कॉंक्रीटच्या रस्त्यावर रिक्षा जी थांबली ती हलेना. पुढे गाड्यांची रांग. हॉर्नचा नुसता कल्लोळ. काय झालंय ते रिक्षावाल्यालाही कळेना. मी उतरून पुढे चालत गेले. मोटारी ओलांडल्या, एक मिनीबस ओलांडली, सगळ्यात पुढे मुरुमाने भरलेला डंपर आणि त्याच्यामागे हरेशची पांढरी गाडी. डंपर थांबलेला नव्हता. तो माणसाच्या पावलाने चालला होता.

त्याच्यापुढे रस्त्याची सगळी रुंदी अडवून चार बायका सायकलींवर, एका ओळीत. रेहाना मधे. आणि त्यांच्याही पुढे तरे बाई, साडी खोचलेली, पायात ते बूट, एका सायकलची सीट मागून धरून पळत होत्या. सीटवर रेहानाची नणंद, नुकतीच गोदामात लागलेली. मला नंतर कळलं, त्या दर रविवारी येत होत्या. वाट गेली तर गेली, बाईंनी कॉंक्रीटवरच, भर गर्दीत, आपल्यापुरती तेवढी वाट मोकळी करून घेतली होती. मला सांगितलं नाही, कारण मी काळजी केली असती.

हरेश गाडीतून उतरून धावत पुढे आला. रेशमी सदरा, कपाळाला टिळा. "ताय, जरा कडेला घे ना. आरतीची वेळ झाली. लोकं खोळंबली."

बाईंनी मान वळवली नाही. डंपरने पुन्हा हॉर्न दिला, आणि सीटवरच्या पोरीचं हँडल लटपटलं. ती मागे बघायला वळली.

"पीछे मत देख," बाई धापा टाकत म्हणाल्या. "उनको ब्रेक है."

आणि त्यांनी सीट सोडली. ती पोरगी एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे, आणि मग सरळ झाली आणि पुढे जात राहिली. तरे बाई तिथेच रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून, दोन्ही हात कमरेवर. मागे सगळे हॉर्न वाजत होते. ती वळणापलीकडे जाईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.